चांगोकाकांची वाघूर

कोर्टाच्या खोलीत शिरताना चांगोकाका चपला दाराबाहेर काढून ठेवायचे. तसं करायला त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. बाकी सगळे, पक्षकार, शिपाई, वकील, पायातल्या वहाणांसकट आतबाहेर करायचे आणि त्या गर्दीत काकांची एक तरी चप्पल लांब कुठेतरी लाथाडली जायची. तारीख घेऊन बाहेर आले की ते ती शोधत फिरायचे. हौसाकाकू वैतागायच्या. "देवलात चालल्यासारखा जातंय," म्हणायच्या. काका म्हणायचे, "मोठ्यांच्या घरात काय चपला घालून जायाचं?"

हे मला माहीत, कारण माझी नोकरी कोर्टनाक्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका कॉलेजच्या ऑफिसात. आणि बाळकुमच्या आमच्या कॉम्प्लेक्समध्ये आमची आणि भोईरांची दारं समोरासमोर. तारखेच्या दिवशी दोघं माझ्याबरोबरच बसने निघायची. डब्याच्या सुट्टीत मी कोर्टात डोकावायचे. बहुतेक वेळा काका शेवटच्या बाकावर भिंतीला डोकं टेकून झोपलेले असायचे आणि काकू मांडीवर पिशवी धरून जागत बसलेल्या असायच्या.

आम्ही तिथे राहायला गेलो तेव्हा मला चांगोकाका पहिल्यांदा दिसले ते जिन्यात. मजल्याच्या कठड्याला एक दोरी बांधलेली, तिच्यावर तपकिरी जाळं लटकलेलं, आणि पांढरा सदरा घातलेला एक उंच, वाकलेला म्हातारा बांबूच्या चपट्या सुईने त्याला गाठी मारतोय. मी सामानाची खोकी घेऊन उभी. त्यांनी जाळं वर उचलून धरलं, मी खालून वाकून गेले. "ये बाय, ये," म्हणाले, जणू मी रोज तिथून जात होते.

त्याच आठवड्यात सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. जिन्यात सामान ठेवायला मनाई आहे, असं त्यांनी सांगितलं आणि जाता जाता विचारलं, "मासे पकडता का काका अजून? खाडीत आता आहे काय?"

"खारीतलं नाय," काका म्हणाले. "डोंगरातलं."

सेक्रेटरींना कळलं नाही. मलाही नाही. नंतर काकूंनी सांगितलं की ते सशाचं जाळं. त्याला ते लोक वाघूर म्हणत. आमचा कॉम्प्लेक्स जिथे उभा आहे तिथे पूर्वी भोईरांची आणि त्यांच्या भाऊबंदांची भातशेती होती. जमीन बिल्डरला गेली, बदल्यात घरं मिळाली. भाऊबंद वेगवेगळ्या विंगमध्ये विखुरले. काकांचा धाकटा भाऊ पदू आमच्या शेजारच्याच विंगमध्ये राहायचा.

जिन्यातून उठल्यावर काकांनी जाळं घरात नेलं. एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं बाथरूमच्या कडीला. काकूंना चहा द्यायचा असला तरी जाळ्याखालून जावं लागायचं. मी कधी साखर मागायला गेले तर मीही तशीच वाकून जायची.

वाघूर एका माणसाची नसते. हे मला पदूकाकांकडून कळलं. प्रत्येक घरानं आपला एक तुकडा विणायचा, त्याला कांडं म्हणायचं. शिकारीच्या दिवशी सगळी कांडी एकमेकांना जोडून रानाच्या कडेला लांबच लांब उभी करायची. मग बाकीच्यांनी शेताकडून ओरडत, डबे बडवत यायचं, तो हाका. ससा पळतो तो रानाकडे, आणि मध्ये वाघूर. एकट्या कांड्याचा उपयोग शून्य. ससा बाजूने निघून जातो.

आता भाऊबंदांतलं कोणीही विणत नव्हतं. काका सगळ्यांचीच कांडी विणायचे. फाटलेली जोडायचे, कुजलेली कापून नवी घालायचे. घायपाताचा वाख कल्याणच्या पलीकडच्या एका गावाहून, त्यांच्या बहिणीच्या सासरहून यायचा. काका तो मांडीवर वळून दोरी करायचे. त्यांच्या उजव्या मांडीवरचे केस त्यामुळे कायमचे गेले होते. दोरी झाली की ऐनाच्या सालीच्या पाण्यात उकळायची, आणि मग दोन दिवस आमच्या मजल्यावर ओल्या लाकडाचा वास.

"ताणायची नाय कदी," ते एकदा मला म्हणाले होते. मी विचारलं नव्हतं, पण गाठी मारताना ते बोलत राहायचे. "ताणलीस का ती भिंत झाली. ससा भिंतीला बगून मागं फिरतंय. ढिली पायजे. अंगावर येऊन पराया पायजे त्याच्या, गोधडीवानी."

आणि या माणसाला सशाचं मटण चालायचं नाही. आवडायचं नाही म्हणे. काकू करायच्या, पदूकाकाच्या घरचे ताव मारायचे आणि हे सुकटीचं कालवण आणि भाकरी घेऊन बाजूला बसायचे. मी विचारलं, मग हा सगळा खटाटोप कशाला? त्यांनी हातातली गाठ आवळली. मग म्हणाले, "हाका सुरू व्हायच्या आदी सगली गप बसतात ना, ते बरं वाटतं."

कायद्याने हे बंद आहे, हे त्यांना ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. येऊरच्या जंगलाच्या बाजूला तर त्यांनी कित्येक वर्षांत पाऊलही टाकलं नव्हतं. पण शिमग्याच्या आधी एक दिवस बहिणीच्या गावी भाऊबंद जमायचे. वालाच्या शेतात ससे यायचे. एखादा मिळायचा, बहुतेकदा मिळायचाही नाही. पोरं मोटरसायकलवरून यायची, आरडाओरडा करून, फोटो काढून, जेवून परत जायची. काका वाघूर गुंडाळून रिक्षाने कल्याण स्टेशनला यायचे.

अशाच एका शिमग्याच्या आधी ते परत आले नाहीत.

काय झालं ते मी नंतर तुकड्यातुकड्याने ऐकलं. उजाडताना वाघूर लावलेली. हाका झाला, एक ससा येऊन अडकला. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं की फॉरेस्टची गाडी आली. सगळे पळाले. पदूकाकाही पळाले, त्यांचा नातू निकेशही पळाला. चांगोकाका मात्र वाघुरीपाशी बसून राहिले. सशीण गाभण होती. गाभण असली की सोडायची, हा त्यांच्यात बापापासूनचा नियम. तिची मान आणि पुढचा एक पाय गाठीत गुंतलेला. ते तो सोडवत होते. दोरी कापली असती तर लगेच सुटली असती, पण त्यांनी कापली नाही. गाठीगाठीने सोडवली. सशीण सुटली आणि पळाली, आणि काका मान वर करतात तर समोर वनरक्षक उभा.

वनरक्षक तरुण होता, देशावरचा, आडनाव शेळके. त्याने विचारलं, "अजून कोण कोण होतं?"

"मी एकलाच होतू," काका म्हणाले.

एवढी लांब वाघूर एका म्हाताऱ्याने लावली आणि हाकाही एकट्याने केला, यावर कोणाचा विश्वास बसणार? पण काकांनी दुसरं नाव घेतलं नाही. निकेश तेव्हा पोलीस भरतीची तयारी करत होता. गुन्ह्यात नाव आलं की संपलं.

जामिनावर घरी आले त्या संध्याकाळी मी काकूंना डबा द्यायला गेले होते. दार उघडंच होतं. पदूकाका उंबऱ्याबाहेर उभे होते, आत येत नव्हते.

"दादा, ते निकेशचं..." एवढंच म्हणाले.

"कनचा निकेश?" काका आतून म्हणाले. "मना ठाव नाय तो व्हता का नाय. तू घरी जा."

पदूकाका गेले. त्यानंतर ते आमच्या मजल्यावर यायचेच बंद झाले. भावावर राग नव्हता. तोंड दाखवायला जड जात असावं. गेटपाशी गाठ पडली की दोघं एकमेकांना मान हलवायचे आणि आपापल्या विंगकडे वळायचे. लहानपणापासून वाघुरीचं एक टोक एकाने आणि दुसरं दुसऱ्याने धरलेलं. आता दोघांत बोलणं नाही.

मग तारखा सुरू झाल्या. साहेब रजेवर, पंच गैरहजर, वकिलांचा संप, मध्ये लॉकडाऊनने सगळंच बंद. पुन्हा सुरू झालं तर कोर्टाची खोली बदललेली. काका दर वेळी दाढी करून, पांढरी टोपी घालून तयार. बाळकुमच्या नाक्यावर मेट्रोच्या पत्र्यांच्या कडेने धूळ खात उभं राहायचं, बस आली की चढायचं, आणि संध्याकाळी पुढची तारीख घेऊन परत. मी विचारायचे, "काय झालं काका?" ते म्हणायचे, "व्हईल तवा व्हईल." सुरुवातीला हे ते हसून म्हणायचे. पुढे पुढे नुसतंच म्हणायचे.

कोर्टात त्यांच्या बाजूने कोणीच यायचं नाही. एकदा काकू कँटीनच्या बाकावर बसून माझ्यापाशी बोलल्या. "एवरी मान्सं व्हती. बामा व्हता, काथोर व्हता, सगल्यांची पोरं व्हती. एक तरी आला का विचाराया? लगनाला बोलवाया मात्र येतात." मग थांबून म्हणाल्या, "मना कंटाला आलाय बाय. याचा पन आन त्याच्या वाघुरीचा पन."

गंमत अशी, की नेमाने येणारा एकच माणूस होता, तो वनरक्षक शेळके. त्याची बदली लांब झाली होती. साक्षीसाठी समन्स निघालं की बिचारा आदल्या दिवशी निघून यायचा आणि साक्ष न होताच परत जायचा. एका दुपारी मी गेले तर तो आणि काका एकाच बाकावर चहा पीत बसलेले. काकूंनी त्यालाही भाकरी दिलेली.

"बाबा, एक विचारू?" शेळके म्हणाला. "तुम्ही पळाला का नाहीत? तुम्ही पळाला असतात तर मीसुद्धा मागं आलो नसतो. एकटाच होतो मी. गाडीत ड्रायव्हर."

"मंग तिला कोन सोरवला असता? तू?"

शेळके हसला. "मी कापलं असतं जाळं."

"म्हनून तर," काका म्हणाले आणि उरलेला चहा संपवला.

दरम्यान निकेश भरतीत मैदानी चाचणीतच बाद झाला. दुसऱ्या वर्षी पुन्हा बाद. मग त्याने नाद सोडला आणि पार्सलं पोचवायच्या कामाला लागला. कधी कधी आमच्याच मजल्यावर यायचा, मला पाकीट द्यायचा, समोरच्या दाराकडे बघायचा नाही. काकूंनी तेव्हा काकांना म्हटलं, आता कशाला लपवता, सांगा की सगळ्यांची नावं, केस वाटली जाईल. काका म्हणाले, "आता सांगून काय त्याला नोकरी लागनार हाय?" त्यांच्या बाजूने तो विषय तिथेच संपला.

शेवटी एकदाची शेळकेची साक्ष झाली. काकांची वकीलबाई तरुण होती, सरकारी यादीतून मिळालेली, पण मनापासून काम करणारी. तिने शेळकेला सरळ विचारलं, आरोपीला जाळं लावताना तुम्ही पाहिलंत का? नाही, तो म्हणाला. मग काय पाहिलंत? शेळके म्हणाला, "ससा सोडवत होते. सोडवला. तो पळून गेला." पंच आधीच फिरलेले होते. त्यांना काही आठवत नव्हतं.

बाहेर आल्यावर वकीलबाई खुशीत होती. तिने काकांना बाजूला घेऊन समजावलं. "आता सोपं आहे काका. तुम्ही बहिणीकडे गेला होता, शेताकडून चालला होता, ससा अडकलेला दिसला, तुम्ही सोडवला. बस. पुढच्या तारखेला कोर्ट तुम्हाला विचारेल, जाळं तुमचं आहे का. तुम्ही नाही म्हणायचं. तुम्ही सुटलात."

काकांनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

तारखेच्या आदल्या संध्याकाळी काकू माझ्याकडे आल्या. "तू चल. तुझं आयकेल." मी गेले. काका पलंगावर बसले होते. घर मोकळं मोकळं वाटत होतं. वाघूर जप्त झाल्यापासून खिडकीच्या गजाला काही बांधलेलं नव्हतं, वाकून जावं लागलं नाही.

मी म्हटलं, "काका, वकीलबाई सांगतात ते बरोबर आहे."

"बरोबर हाय," ते म्हणाले. "पन बापाच्या हातचं कांडं हाय त्यात. मदलं. बाकी सगली मी बदलली, ते नाय बदललं. बाप डावरा व्हता. त्याची गाठ उलटी परते. लांबून वलखाया येते. ते माजं नाय असं कसं बोलू?"

"बाप काय तारखेला येतंय?" काकू म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या. फार थकलेल्या आवाजात बोलल्या. "माझं गुडघं गेलं तुज्यासंगती जिनं चढून. तू आत गेलास तर मी कोनाकडं बगू? पोरीच्या दारात जाऊन बसू डोंबिवलीला? जावई काय बोलेल? तुज्या बापाला मी सांगेन वर गेल्यावर, मीच बोलाया लावला म्हनून."

काकूंनी त्यांचा सदरा इस्त्रीला काढला. मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. खोलीत नेहमीसारखी गर्दी होती. आमचा नंबर यायला दुपार झाली. न्यायाधीश बाई होत्या, मध्यमवयीन, सर्दी झालेली, सारखा रुमाल नाकाला. त्यांनी मुद्देमाल आणायला सांगितला. शिपायाने एक गोणपाटाचं गाठोडं आणून टेबलाखाली ठेवलं आणि तोंड सोडलं.

मी इतक्या वर्षांत ती वाघूर तपकिरी, कडक, लाकडाच्या वासाची पाहिलेली. आतून निघालं ते काळपट लगदा झालेलं काहीतरी होतं. पावसाचं पाणी कधीतरी गोदामात शिरलं असणार. एका बाजूने उंदरांनी कुरतडलेलं. खोलीभर कुबट वास पसरला, पुढच्या रांगेतल्या एका वकिलाने खुर्ची मागे सरकवली.

काका पिंजऱ्यात उभे होते. ते त्या ढिगाकडे बघत राहिले. वाकून बघत होते. मधलं कांडं शोधत असावेत.

"ही वाघूर तुमची आहे का?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

काका बघतच राहिले. वकीलबाईने खाकरल्यासारखं केलं.

"नाय," काका म्हणाले.

"मोठ्याने बोला. लिहून घ्यायचंय."

"नाय. माझी नाय."

टायपिस्टने टाइप केलं. पुढचे प्रश्न झाले, काकांनी पढवल्याप्रमाणे उत्तरं दिली. बहिणीकडे गेलो होतो. शेताकडून चाललो होतो. ससा अडकलेला दिसला.

निकाल काही आठवड्यांनी लागला. संशयाचा फायदा देऊन निर्दोष. मुद्देमालावर कोणी मालकी सांगितलेली नाही, अपिलाची मुदत संपल्यावर तो नष्ट करावा. काकूंनी तिथल्या तिथे डोळ्यांना पदर लावला. वकीलबाईने काकांच्या पाया पडल्यासारखं केलं. मी म्हटलं आज बस नको, रिक्षाने जाऊ.

टेंभी नाक्यावर नवरात्राच्या मांडवाचे बांबू येऊन पडायला लागले होते, त्यामुळे रिक्षा अडकली. काकू मध्ये बसल्या होत्या, हातात प्रसादाच्या पेढ्यांचा पुडा. त्यांनी एक काकांना दिला. काकांनी तो हातात धरून ठेवला.

"वास येत व्हता तिला," ते म्हणाले.

रिक्षा थोडी पुढे सरकली.

"एकदा तरी ऊन दाखवलं असतं कोनी. नुसतं बाहेर टाकली असती तरी चाललं असतं."

"खा तो पेढा," काकू म्हणाल्या. त्यांनी खाल्ला.

त्या संध्याकाळी पदूकाका आले. यावेळी उंबरा ओलांडून आत गेले. हातात कोलंबीची पिशवी होती, ती त्यांनी वहिनीच्या हातात दिली आणि भावाच्या शेजारी पलंगावर बसले. दार उघडं होतं, मला समोरून दिसत होतं. टीव्ही लावलेला होता, कुठलीतरी कुस्ती चालू होती. जेवायची वेळ झाली तेव्हा काकूंनी पदूकाकांचंही ताट वाढलं.

सुटल्यावरही काकांनी पुन्हा सुई हातात घेतली नाही. वाख यायचा बंद झाला. घरातली उरलेली दोरी काकूंनी कपडे वाळत घालायला लावली. सकाळी ते आणि पदूकाका गेटापासून क्लबहाउसपर्यंत चालायचे आणि परत यायचे. संध्याकाळी खाली बाकावर बसायचे. तब्येत ठीक होती. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम. पण मजल्यावर आल्यावर लिफ्टमधून बाहेर पडायला ते जरा उशीर करायचे, दार पुन्हा लागायला लागलं की मग हात घालून ते अडवायचे.

गेल्या वर्षी माझी बदली झाली आणि आम्ही घर भाड्याने देऊन कल्याणला आलो. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी निरोप घ्यायला खाली गेले. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये पार्किंगच्या एका कोपऱ्याला मुलांसाठी क्रिकेटचं मैदान केलंय, चारी बाजूंनी हिरवं नायलॉनचं जाळं. त्याला पार्किंगच्या बाजूला मोठं भोक पडलं होतं. शेजारच्या बाकावर चांगोकाका आणि पदूकाका बसले होते. मी पोचले तेव्हा सेक्रेटरी त्यांच्यापुढे उभे होते.

"काका, तुम्ही पूर्वी जाळी विणायचात ना जिन्यात? एवढं भोक शिवून द्या. नवीन बसवायचं तर कमिटीची मीटिंग घ्यावी लागते."

चांगोकाकांनी भोकाकडे पाहिलं. मग सेक्रेटरींकडे पाहिलं.

"मना नाय येत," ते म्हणाले.

"अहो, असं काय करता? मी स्वतः बघितलंय तुम्हाला."

"दुसऱ्या कोनाला बगितला असाल."

सेक्रेटरी पदूकाकांकडे वळले. "काय हो, येतं की नाही यांना?"

पदूकाका भावाकडे न बघता म्हणाले, "नाय. आमच्यात कोनालाच नाय येत."

सेक्रेटरी खांदे उडवून गेले. मी दोघांच्या पाया पडले. "सुखी ऱ्हा बाय," चांगोकाका म्हणाले, "कल्यानला पानी येतं का नीट?" मी म्हटलं, येतं. मी विंगकडे निघाले.

दारातून वळून पाहिलं तर मुलांचा चेंडू त्या भोकातून निसटून गाड्यांखाली गेला होता. मुलं थांबून बाकाकडे बघत होती. चांगोकाका गुडघ्यावर हात देऊन उठले, एका पांढऱ्या गाडीपाशी खाली बसले, हात घालून चेंडू काढला आणि आत टाकला. मग परत येऊन बाकावर बसले. मी लिफ्टचं बटण दाबेपर्यंत तो पुन्हा बाहेर आला होता, आणि ते पुन्हा उठत होते.